भाच्याच्या खांद्यावर हात ठेवण्याआधी

प्रश्न : मी मूळचा वसईचा, कॅथलिक. नोकरीमुळे बरीच वर्षे महाडला आहे. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पाळीचे काम असते. बायको महाडचीच, बौद्ध घरातली. आमचे लग्न बिशपांची रीतसर परवानगी काढून चर्चमध्ये झाले. घरापासून चवदार तळे चालत जाण्यासारखे आहे. वसईला माझ्या बहिणीचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. त्याचा यंदा दृढीकरण संस्कार आहे आणि ‘माझा स्पॉन्सर मामाच’ असे त्याने घरी सांगून टाकले आहे. मला आनंद झाला, पण धास्तीही वाटते. पाळीमुळे दर रविवारी मिस्साला जाणे होत नाही. बायबल फारसे वाचलेले नाही. स्नानसंस्काराच्या वेळी त्याचे जे धर्मपिता होते ते आता परदेशात असतात, त्यांना वाईट वाटेल का? महाडला बसून मी त्याच्यासाठी काय करणार? आणि एक कुतूहल म्हणून विचारतो : भाच्याचे माझ्यापेक्षा मामीशी जास्त जमते. तिला स्पॉन्सर होता आले असते का?
— एक वाचक, महाड

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचे उत्तर थोडक्यात देता येते. मामीला स्पॉन्सर होता येणार नाही. कॅथलिक चर्चचा आजचा कायदा १९८३ सालचा आहे आणि त्यात स्पॉन्सर कोण होऊ शकतो ते नेमके सांगितले आहे. तो कॅथलिक हवा. त्याचे स्वतःचे दृढीकरण झालेले हवे आणि तो ख्रिस्तप्रसाद घेणारा हवा. वयाची सोळा वर्षे पूर्ण हवीत. त्याचे जगणे श्रद्धेला धरून हवे, चर्चने त्याला कसली शिक्षा दिलेली नसावी, आणि तो त्या मुलाचा बाप किंवा आई नसावा. मामी पहिल्याच अटीत बसत नाही. पण या सगळ्या तयारीत तिचे काम लहान नाही, कदाचित तुमच्यापेक्षा मोठे आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

तुम्ही मात्र बसता. लग्नाला परवानगी घेतली होती हे तुम्ही आवर्जून लिहिलेत ते बरे केले, कारण आंतरधर्मीय लग्न केलेल्या पुष्कळांना याच ठिकाणी अडायला होते. नुसते नोंदणी लग्न झाले असते, तर आधी फादरांकडे जाऊन तो विषय मार्गी लावावा लागला असता. आता तुमच्यापुढे एकच कागदी काम आहे. तुम्ही ज्या धर्मग्रामात राहता तिथल्या फादरांचे एक पत्र वसईच्या चर्चमध्ये द्यावे लागेल : हा मनुष्य कॅथलिक आहे, याचे दृढीकरण झालेले आहे, हा स्पॉन्सर व्हायला योग्य आहे. रायगड जिल्हा मुंबई महाधर्मप्रांतात मोडतो आणि वसई १९९८ पासून स्वतंत्र धर्मप्रांत आहे, त्यामुळे इकडचे फादर तुम्हाला ओळखतात म्हणून तिकडे चालून जाईल असे होत नाही. शिवाय तुमच्या स्वतःच्या दृढीकरणाची नोंद वसईच्याच चर्चच्या वहीत असणार. तो दाखला बहिणीला आत्ताच काढून ठेवायला सांगा. फादरांकडे पत्र मागायला शेवटच्या आठवड्यात जाऊ नका. लवकर गेलात तर पत्राबरोबर चार गोष्टी बोलायलाही वेळ मिळेल, आणि त्या बोलण्याची तुम्हाला पत्राइतकीच गरज आहे.

मिस्साची धास्ती याच भेटीत काढून टाका. पाळीची नोकरी ही सबब नाही, ती अडचण आहे, आणि चर्च ती अडचणच मानते. रविवारचे बंधन शनिवारी संध्याकाळच्या मिस्सानेही पूर्ण होते, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात नसते. पाळीचा तक्ता हातात आला की महिन्यातले कोणते शनिवार-रविवार मोकळे आहेत ते पाहून ठेवा. जो रविवार खरोखरच कामात जातो, त्या दिवशी त्या दिवसाचे शुभवर्तमान तरी वाचा. श्रद्धेला धरून जगणे या अटीचा अर्थ तुमच्या हातून कधीच काही चुकलेले नसावे असा नाही. असा अर्थ लावला तर उभ्या धर्मप्रांतात एकही स्पॉन्सर सापडणार नाही.

स्नानसंस्काराच्या धर्मपित्यांबद्दल. कायद्याचा कल खरे तर त्यांच्याच बाजूने आहे : स्नानसंस्काराच्या वेळी जो उभा राहिला तोच शक्यतो दृढीकरणालाही असावा, असे १९८३ चा कायदा म्हणतो. दोन्ही संस्कार एकाच वाटेवरचे आहेत हे त्यातून दिसावे, हा हेतू. पण हे बंधन नाही, आणि परदेशी असलेल्या माणसापेक्षा हाकेला येऊ शकणारा माणूस निवडणे यात कोणाचा अपमान नाही. गंमत अशी की त्याआधीच्या १९१७ च्या कायद्यात नेमके उलटे होते. तेव्हा दोन्ही वेळची माणसे वेगळी असावी लागत, आणि मुलाला पुरुष व मुलीला स्त्री अशीही अट होती. त्यामुळे घरातली एखादी आजी काही वेगळाच नियम सांगू लागली तर तिला खोडून काढू नका. ती तिच्या काळचा नियम बरोबर सांगते आहे. धर्मपित्यांना फोन मात्र भाच्यानेच करायला हवा. ‘मामाला उभे करतो आहे, तुम्ही त्या दिवशी माझ्यासाठी प्रार्थना कराल ना?’ एवढे त्याच्या तोंडून ऐकले की कोणाला वाईट वाटणार नाही. पंधरा वर्षांच्या मुलाने स्वतःहून असा एक फोन करणे हीसुद्धा तयारीच आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. स्पॉन्सर करतो काय?

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा नववा अध्याय काढा. ख्रिस्ताच्या अनुयायांना घरांतून ओढून तुरुंगात टाकणारा शौल दमास्कसच्या वाटेवर बदलला आणि काही काळाने यरुशलेमला आला. तिथे त्याच्यावर कोणाचाच विश्वास बसेना. तेव्हा बर्णबा पुढे झाला. त्याने शौलाला हाताला धरून प्रेषितांपुढे नेले आणि वाटेवर याला काय घडले ते त्यांना सांगितले. स्वतःची पत त्याने या माणसासाठी पणाला लावली. हाच शौल पुढे संत पौल झाला. याच्यानंतरची गोष्ट अकराव्या अध्यायात आहे, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. शौल आपल्या गावी, तार्सला निघून गेला होता. बर्णबा त्याला शोधत तिथवर गेला, त्याला अंत्युखियाला घेऊन आला आणि दोघांनी तिथे एक अख्खे वर्ष बरोबर काम केले. स्पॉन्सरच्या कामाचे हे दोन भाग : एकदा सगळ्यांसमोर त्याची हमी घेणे, आणि नंतर तो दिसेनासा झाला तर त्याला शोधायला जाणे. पहिल्या भागाला अर्धा मिनिट लागतो. दुसरा आयुष्यभर चालतो, आणि आपल्याकडे त्याचीच आबाळ होते.

आपल्याकडेच कशाला. इटलीतल्या सिसिली बेटावरच्या कतानिया धर्मप्रांताने २०२१ साली धर्मपिता-धर्ममाता नेमण्याची प्रथाच तीन वर्षांसाठी थांबवली. कारण हे, की नातीगोती जोडणे आणि प्रतिष्ठा मिरवणे याखेरीज त्या पदाला अर्थ उरला नव्हता. आपल्या धर्मग्रामांत गोष्टी त्या थराला गेलेल्या नाहीत. तरीही धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना ‘स्पॉन्सर कोण?’ म्हणून विचारले की ‘आखातातले काका, ते घड्याळ आणणार आहेत’ अशी उत्तरे येतात. त्यात मुलांचा दोष नाही. त्यांनी जे पाहिले तेच ती सांगतात. तुमच्या भाच्याने दोनशे किलोमीटरवरचा, पाळीत काम करणारा मामा निवडला, तो काहीतरी मनात धरूनच. ते काय आहे ते त्याला विचारा. अगदी सरळ विचारा, ‘मलाच का?’ त्याच्या उत्तरात तुमचे पुढचे निम्मे काम ठरून जाईल.

त्या दिवशी काय होते ते नीट ठाऊक असले की धास्ती कमी होते. शुभवर्तमान वाचून झाल्यावर मुलांना नावाने पुढे बोलावतात. बिशपांच्या प्रवचनानंतर मुले उभी राहून स्नानसंस्काराच्या प्रतिज्ञा स्वतःच्या तोंडाने पुन्हा घेतात. तान्हेपणी त्या त्यांच्या वतीने आईबापांनी आणि धर्मपित्यांनी घेतल्या होत्या. बिशप मुलांवर हात पसरून पवित्र आत्म्याच्या सात दानांसाठी प्रार्थना करतात. मग एकेक मूल पुढे जाते. तुम्ही त्याच्या मागे उभे राहायचे, आपला उजवा हात त्याच्या खांद्यावर ठेवायचा, आणि तुम्ही किंवा त्याने बिशपांना नाव सांगायचे. बिशप अंगठा क्रिझम तेलात बुडवतात आणि त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण करतात. हे तेल ऑलिव्हचे असते, त्यात बाल्सम हे सुगंधी द्रव्य मिसळलेले असते, आणि पवित्र सप्ताहात बिशप आपल्या सगळ्या धर्मगुरूंसमवेत ते आशीर्वादित करतात. तुम्ही इतके जवळ असता की तो वास तुम्हालाही येतो. पूर्वी यानंतर बिशप गालावर हलकी चापटी मारत; १९७१ मध्ये विधी नव्याने बांधला तेव्हा ती गेली आणि तिच्या जागी शांतीचे अभिवादन आले. एक बारीक गोष्ट सांगते : हात नुसता टेकवू नका, तळवा पूर्ण ठेवा. मुले त्या क्षणी थरथरत असतात. मागे कोणी आहे हे त्यांना खांद्यावरच्या वजनावरून कळते.

नावावरून आठवले. दृढीकरणाला एखाद्या संताचे नाव घेण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आहे. सध्या मुलांमध्ये कार्लो आकुतिस यांचे नाव फार आहे. इटलीतला हा मुलगा २००६ साली पंधराव्या वर्षी गेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये संत घोषित झाला. वय तेच, संगणकाची आवडही तीच, म्हणून मुलांना तो जवळचा वाटतो. तेही चांगलेच. पण वसईच्या मुलाला वसईचाच संत माहीत नसावा हे मला बरे वाटत नाही. गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले, व्यापार केला, फ्रान्सिस्कन ब्रदर झाले, जपानी भाषा येत असल्याने दुभाषी म्हणून जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रूसावर मारले गेले. १८६२ साली ते संत घोषित झाले. नाव कोणतेही घेऊ दे, मात्र त्या माणसाने काय सोसले हे त्याला चार वाक्यांत सांगता आले पाहिजे.

बायबल वाचलेले नाही, ही तुमची दुसरी धास्ती. यावर माझ्याकडे एक अगदी साधा उपाय आहे. मार्कचे शुभवर्तमान चारांतले सगळ्यांत लहान, सोळा अध्यायांचे. आठवड्याला एक अध्याय तुम्ही महाडला वाचा, तोच त्याने वसईला वाचायचा, आणि ठरलेल्या दिवशी फोनवर बोलायचे. तुम्ही शिकवायचे नाही. दोघांनी एकेक वाक्य निवडायचे : एक आवडलेले, एक न पटलेले. न पटलेल्या वाक्यावर जास्त बोलणे होईल, पाहा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ घ्या. आजच्या मराठीत आहे, आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले पुस्तक आहे. भाच्याला दिब्रिटोंबद्दलही सांगा. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते हे त्याने ऐकले असेल. पण १९८० च्या दशकाच्या अखेरीला वसईची हिरवाई आणि पाणी वाचवण्यासाठी ‘हरित वसई’चे आंदोलन उभे राहिले, तेव्हा झगा घातलेला हा माणूस धमक्यांना न जुमानता लोकांच्या पुढे चालत होता, हे भाच्याच्या जन्माच्या पुष्कळ आधीचे आहे. पवित्र आत्म्याच्या सात दानांत ‘सामर्थ्य’ म्हणतात ते काय, हे वहीत पाठ करून कळत नाही. असा एखादा माणूस डोळ्यांपुढे यावा लागतो.

आणि आता मामीकडे येते.

तुम्ही विचारता, महाडला बसून मी काय करणार. अहो, तुमच्या घरापासून चालत जाण्यासारखे जे आहे, ते पाहायला देशभरातून माणसे येतात. भाच्याला सुटीत दोन दिवस बोलावून घ्या. वसई-दिवा-पनवेल मेमूने पनवेलपर्यंत आणि पुढे कोकण रेल्वेने वीरला, नाहीतर सरळ एसटीने. चवदार तळ्यावर त्याला तुम्ही नेऊ नका, मामीला नेऊ द्या. तिच्या घरात हा इतिहास तीन-चार पिढ्यांपासून सांगितला गेला असणार. तुम्ही बरोबर जा आणि गप्प राहा.

ती सांगेल ते सांगेल. तारखा तुम्ही आधी वाचून ठेवा, म्हणजे भाच्याने मधेच विचारले तर अडायला होणार नाही. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले असावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. तीन वर्षे तो कागदावरच राहिला. मग १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांनी तिच्यासाठी रान उठवले होते. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ही सवर्ण घरांतली माणसेही बाबासाहेब आंबेडकरांच्या बरोबर होती. २० तारखेला परिषदेतली माणसे शिस्तीने चालत तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. पाठोपाठ ‘हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ अशी अफवा उठली आणि मंडपात जेवणाऱ्यांवर लाठ्या चालल्या. बाबासाहेबांची माणसे उलट मारायला सज्ज होती; बाबासाहेबांनी त्यांना आवरले. नंतर पंचगव्य ओतून तळ्याची ‘शुद्धी’ झाली आणि नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेले, आणि हायकोर्टाचा अस्पृश्यांच्या बाजूने निकाल आला तो १७ मार्च १९३७ रोजी. दहा वर्षांनी.

तळ्यातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर भाचा उभा राहील तेव्हा एक मोह टाळा. हे पाणी आणि स्नानसंस्काराचे पाणी, असे काही जुळवून त्याला प्रवचन देऊ नका. हे पाणी प्यायल्याने आम्ही अमर होणार नाही, इतरांसारखी आम्हीही माणसे आहोत हे ठरवायला आम्ही तळ्यावर जातो, अशा आशयाचे बाबासाहेबांनी स्वतः स्पष्ट केलेले आहे. त्यांच्या लढ्याला आपल्या धर्माचे उदाहरण करून वापरणे हा त्या लढ्यावर अन्याय होईल, आणि मामीलाही ते खटकेल. भाच्याला फक्त पाहू द्या, ऐकू द्या. विचारू द्या.

तो विचारेल. पंधरा वर्षांचा हुशार मुलगा हमखास विचारेल असा एक प्रश्न आहे : बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडला, मग ते ख्रिस्ती का नाही झाले? याच्यासाठी तयार राहा आणि खरे उत्तर द्या. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला त्यांनी ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ असे जाहीर केले आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे त्यांनी अभ्यासात आणि विचारात घालवली. ख्रिस्ती धर्माबद्दलही त्यांनी लिहिले आहे, आणि भारतातल्या ख्रिस्ती समाजाने जात टाकली नाही हा त्यांच्या टीकेतला एक मोठा मुद्दा आहे. ही टीका खोटी होती असे मी म्हणू शकत नाही, आणि तुम्हीही म्हणू नका. वसईतल्या कॅथलिक घरांत लग्न जमवताना सामवेदी, वाडवळ, कोळी हा फरक किती पाहिला गेला आहे हे तुम्हाला माझ्याइतकेच ठाऊक आहे. भारताच्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलितांच्या सक्षमीकरणाचे धोरण काढले आणि जातिभेद हे पाप आहे असे त्यात स्पष्ट सांगितले. धोरण काढावे लागले, यातच सगळे आले.

हे सगळे दृढीकरणाच्या तयारीत कशाला, असे बहीण विचारेल. तिला सांगा की दृढीकरण घेणारा मुलगा यापुढे ‘आईबाबा म्हणतात म्हणून’ ख्रिस्ती राहणार नाही. तो स्वतः उभा राहून म्हणणार आहे. त्याआधी त्याने आपल्या समाजाचे दुखरे ठिकाण पाहिलेले असावे. ते लपवून दिलेली श्रद्धा कॉलेजच्या पहिल्या वर्षात कोणीतरी एका प्रश्नात मोडून टाकतो. खरे ऐकलेला मुलगा तितक्या लवकर मोडत नाही, असा वर्गातल्या मुलांकडे पाहून माझा ग्रह झाला आहे.

तुमच्या घरात २५ डिसेंबर तर दोन कारणांनी मोलाचा असणार. १९२७ चा नाताळ रविवारी आला होता, आणि त्याच संध्याकाळी महाडच्या दुसऱ्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. परिषदेच्या मंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली होती. या नाताळात भाचा तुमच्याकडे असेल तर सकाळी तुम्ही त्याला मिस्साला न्या आणि संध्याकाळी मामी त्याला या लढ्याच्या स्मारकावर, क्रांतिस्तंभावर नेईल. आणखी एक सांगते. २० मार्च २०२७ ला तळ्यावरच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे होतात. तो शनिवार आहे आणि दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार. भाच्याची परीक्षा आड येत नसेल तर तो दिवस आत्ताच अडकवून ठेवा.

अजून एका अवघड शक्यतेबद्दल लिहायला हवे. एखाद्या फोनवर तो हळूच म्हणेल, ‘मामा, मला नाही वाटत माझा विश्वास आहे.’ घाबरू नका, आणि ‘असे बोलायचे नसते’ हे तर मुळीच म्हणू नका. कधीपासून वाटते, कशामुळे वाटते, ते विचारा. बहुतेक वेळा त्यामागे काहीतरी घडलेले असते : कोणीतरी गेलेले असते, घरात भांडण असते, चर्चमधल्या कोणाच्या वागण्याने तो दुखावलेला असतो. संस्कार घेणाऱ्याची मनाची तयारी असावी, त्याला प्रतिज्ञा स्वतःहून घेता याव्यात, ही चर्चच्याच कायद्याची अट आहे. तेव्हा शंका घेऊन फादरांकडे जाणे हा बंडखोरपणा नाही. फार तर ते म्हणतील, वर्षभर थांबू. हॉल ठरला आहे, केटरर सांगितला आहे, पाहुण्यांना कळवले आहे, म्हणून मुलाला पुढे ढकलायचे, हे मात्र कोणत्याही परिस्थितीत होऊ देऊ नका. बहीण रागावली तर राग तुम्ही अंगावर घ्या. स्पॉन्सर त्यासाठीच असतो. आईबापांना जे बोलता येत नाही ते मुलाला ज्याच्याशी बोलता येते असा मोठा माणूस.

म्हणूनच त्याने विश्वासाने सांगितलेले बहिणीच्या कानावर घालू नका. याला अपवाद एकच. कोणी त्याला त्रास देत असेल, अंगाला हात लावत असेल, किंवा तो स्वतःच्या जिवाचे काही बरेवाईट करील असे वाटले, तर गुप्तता संपली. त्याला सांगूनच आईबापांशी बोला, आणि घरातूनच धोका असेल तर १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे.

भेटीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण विचाराल. महागडे काही नको. ज्या ‘सुबोध बायबल’मधून तुम्ही मार्क वाचलात, ज्यात न पटलेल्या वाक्यांखाली तुमच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत, तीच प्रत त्याला द्या आणि स्वतःसाठी नवी घ्या. मामीला काही द्यायचे असेल तर तिला तिच्या मनाने ठरवू द्या. तिने बाबासाहेबांचे एखादे पुस्तक दिले तर ती दोन्ही एकाच फळीवर राहू द्या.

दृढीकरणानंतर आपल्याकडची बरीच मुले चर्चमध्ये दिसेनाशी होतात. दहावी, मग क्लास, मग कॉलेज. जणू काही पदवीच मिळाली. त्या दिवसाची आठवण म्हणून दरवर्षी त्याच तारखेला त्याला फोन करा, आणि चर्चला गेला होतास का असे विचारू नका. तो खोटे बोलायला शिकेल. काय वाचतोस, कोणाशी मैत्री आहे, कशाचा राग येतो, हे विचारा. तुमच्या स्वतःच्या अडचणीही सांगा. या पाळीत पुन्हा रविवार गेला रे, हेसुद्धा सांगा. मोठ्या माणसालाही श्रद्धा सांभाळताना अडचण येते आणि तो ती टाकून देत नाही, हे त्याने कोणाकडून तरी ऐकायला हवे.

एक शेवटची सूचना. बहुतेक धर्मग्रामांत आदल्या एक-दोन दिवसांत चर्चमध्ये सराव असतो आणि त्याच सुमारास मुलांचे व स्पॉन्सरांचे पापनिवेदन. पुष्कळ स्पॉन्सर थेट दिवसावर येतात आणि सरावाला दुसराच कोणी उभा करतात. तुम्ही तसे करू नका. सरावाची तारीख बहिणीकडून आजच विचारून घ्या आणि पाळी बदलून तीन दिवसांची रजा टाका.